तिसरं आवर्तन

वडिलांना घराबाहेर झोपायची हौस होती. आई तिला खूळ म्हणायची. वर्षभर ते एका सरकारी कचेरीत टंकलेखन करायचे आणि दिवाळी उलटली की रविवारला जोडून सुट्टी कुठे पडते ते कॅलेंडरवर शोधत बसायचे. मग कधी गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, कधी वैतरणेकडे, तर कधी सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या पात्रात आमचा मुक्काम पडायचा. नव्वदच्या सुमाराला पंचवटीतल्या आमच्या गल्लीत 'कॅम्पिंग' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. वडील 'मुक्काम' म्हणायचे आणि शेजारी 'नदीवर झोपायला जातात' म्हणायचे.

तंबू त्यांनी स्वतः शिवलेला होता. एका मांडववाल्याकडून जुनी कनात मिळाली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, तीच कापून. तो तंबू उभा राहिला की आसपासच्या शेतातून कुणी ना कुणी येऊन लग्न कुणाचं आहे ते विचारून जायचं. वडील गंभीरपणे सांगायचे, की तिथी अजून धरलेली नाही.

त्यांच्याबरोबर मी जायची. मला त्यात फार काही वाटायचं असं नाही. जमीन टोचायची, भाकरीला रॉकेलचा वास यायचा. पण घरात बसण्यापेक्षा बरं, म्हणून जायची. मला लहानपणापासून सगळं जरा लांबून बघायची सवय आहे. आई त्याला शिष्टपणा म्हणायची आणि तिचं फारसं चुकत नव्हतं.

आई मात्र कधीच आली नाही. तिला गंगा, म्हणजे आमची गोदावरीच, घाटाच्या पायरीवरून दिसायची तेवढी पुरे होती. पाण्यात ती घोट्याच्या वर कधी उतरली नाही, पर्वणीलासुद्धा तांब्याने अंगावर पाणी घ्यायची. शिवाय दर मंगळवारी तिचं बायकांचं मंडळ असायचं. गणपतीपुढे बसून स्तोत्राची एकवीस आवर्तनं, मग वाटली डाळ. आवर्तनं मोजायचं काम तिचं होतं आणि ते ती दुसऱ्या कुणाला देत नसे.

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात वडील काळजीत पडले. मी मनमाडला जाणार, म्हणजे मुक्कामाला सोबत कोण? एकटं जाण्यात त्यांना गोडी नव्हती. आईने एकदा तरी यावं, तिला आवडलं तर पुढचं सगळं मार्गी लागलं, नाहीतर तंबू कायमचा माळ्यावर जाईल, असं ते मला म्हणाले. तिला आवडेल असं बघ, अशी जबाबदारीही माझ्यावर टाकली. लेकीबरोबरची शेवटची वेळ, या एका मुद्द्यावर आई तयार झाली.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही एसटीने सायखेड्याला गेलो आणि तिथून सामान उचलून चालत पुढे. पात्राच्या मध्ये वाळूचा एक उंचवटा होता. काठ आणि उंचवटा यांच्यामध्ये पाण्याची एक धार, जेमतेम घोटाभर. वडिलांनी तीत चार दगड टाकले आणि आई साडी उचलून त्यांच्यावरून कोरडी पलीकडे गेली. तंबू उभा राहिला. तिने चूल मांडली, वांगी भाजली, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. वडील तिच्याकडे चोरून बघत होते. मला त्यांचं हसूही येत होतं आणि थोडी दयाही.

दिवस मावळताना काठावरच्या कांद्याच्या शेतातला एक म्हातारा शेतकरी खाली आला. त्याची पाण्याची मोटार तो दोघांच्या मदतीने ओढून वरच्या बांधावर नेत होता. तेवढ्यात त्याची नजर आमच्या तंबूवर गेली आणि तो काठाशी येऊन उभा राहिला. वडील तेव्हा सरपण गोळा करायला लांब गेले होते.

"माई, सकाळच्याला आवर्तन हाय बरं का," तो म्हणाला. "पहाटंच आवरून घ्या."

आईचा चेहरा उजळला. एवढ्याशा गावात आवर्तन होतं याचं तिला कौतुक वाटलं. आवर्तनं किती, असं तिने विचारलं.

"दोन झाली. हे तिसरं."

तीनच? आई मला हळूच म्हणाली, की गाव लहान आहे, जमतील तेवढी करत असतील. मग त्या म्हाताऱ्याला तिने मोठ्याने सांगितलं, की आम्ही वेळेवर येऊ. तो जरा गोंधळला, पण शहरातली माणसं कशी बोलतात ते माहीत असल्यासारखी मान हलवून निघून गेला. काठावरच्या एका देवळाचा कळस तिथून दिसत होता. आवर्तन तिथेच, असं आईने मनाशी ठरवून टाकलं. रात्री झोपताना ती वडिलांना म्हणाली, की जागा चांगली आहे तुमची. वडिलांनी मला कोपराने ढोसलं.

पहाटे तिने मला उठवलं. वडिलांना उठवू नको म्हणाली, आठवडाभर ते टाइप करून दमतात. ते कानटोपी घालून, कानात कापसाचे बोळे घालून घोरत होते. आम्ही थंडगार पाण्याने तोंडं धुतली, तिने जरीकाठाची साडी नेसली, आणि दगडांवरून काठावर येऊन आम्ही देवळाकडे चालू लागलो.

देऊळ बंद होतं. एक बाई समोरचं अंगण झाडत होती. आईने विचारलं, आवर्तन कधी सुरू होणार.

"ते सुटलंय की रातच्यालाच. आता पोचंल इथवर."

आईला काही कळेना. पोचेल म्हणजे काय, असं तिने विचारलं. त्या बाईने झाडू थांबवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की पाणी, धरणाचं पाणी, शेतीला सोडतात ते. रब्बीला असं तीन-चार वेळा सोडतात, त्यालाच आवर्तन म्हणतात. सगळ्यांनी काल मोटारी वर घेतल्या.

आवरून घ्या म्हणजे काय, ते आम्हाला तिथे कळलं.

आईला धावताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आम्ही काठावर आलो तेव्हा चारही दगड दिसेनासे झाले होते. पाणी गढूळ झालं होतं आणि काड्या, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन सरकत होतं. उंचवटा निम्मा उरला होता आणि त्यावर तो लग्नाचा तंबू. आम्ही दोघींनी खूप हाका मारल्या. कापसाचे बोळे आपलं काम चोख करत होते.

आईने चपला काढून माझ्या हातात दिल्या. साडीचा काष्टा मारला आणि ती पाण्यात उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. एकदा तिचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत खाली गेली, पण उठली. मी काठावर उभी होते. मला थोडंफार पोहता येत होतं, तिला मुळीच येत नव्हतं. तरी माझा पाय उचलला गेला नाही. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या जोडीला मी नेहमीसारखी बघत होते. चपला दोन्ही हातांत धरून.

तिने तंबू गाठून गदागदा हलवला, तेव्हा वडील बाहेर आले ते तिच्याकडे बघतच राहिले. मग शहाण्यासारखं निघायचं सोडून ते दोऱ्या सोडायला वाकले.

"राहू दे तो तंबू," आई म्हणाली. पाण्याच्या आवाजातही मला ते स्वच्छ ऐकू आलं. "आधी तुम्ही चला."

ती दोघं एकमेकांचे हात धरून आली. मध्ये पाणी वडिलांच्या छातीला लागलं आणि आईला त्यांनी जवळजवळ उचललं. काठावर आल्यावर दोघं थरथरत बसली. थोड्या वेळाने कनात फुगली, सुटली आणि खाली वाहत गेली. कांदेवाला म्हातारा धावत आला. सांगितलं होतं की माई, असं तो पुनःपुन्हा म्हणत होता आणि आई हात जोडत होती.

परतीच्या एसटीत वडील कुणाचंतरी धोतर नेसून बसले होते. नाशिक येईपर्यंत ते धोतर सावरत होते. मग म्हणाले, की झालं, संपली हौस. आई खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या वेळी कसलं आवर्तन ते आधी विचारून घेऊ, असं म्हणाली. वडिलांना ते समजायला थोडा वेळ लागला.

नवा तंबू आईनेच शिवला, निळ्या ताडपत्रीचा. मी मनमाडला संसारात पडले. ती दोघं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे जात राहिली. दोन हजार सालानंतर गंगापूरच्या फुगवट्याला भाड्याचे नायलॉनचे तंबू मिळू लागले, तेव्हा एकदा मी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी लेकीने आजीला ती गोष्ट सांगायला लावली. आई रंगवून सांगत होती. तिसरं आवर्तन, आवरून घ्या, कापसाचे बोळे. पाण्यात उतरण्यापाशी आली तशी मी खाली बघायला लागले. इतक्या वर्षांत त्या सकाळबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"आणि माझी आई काय करत होती?" लेकीने विचारलंच.

"ती येतच होती माझ्यामागे," आई म्हणाली. "मीच तिला ओरडून सांगितलं, तू काठावरच थांब. चपला सांभाळ."

तिने तसं काही सांगितलं नव्हतं. मी वर पाहिलं तेव्हा ती लेकीच्या ताटात भाकरी वाढत होती.