साहेबांना ओलांडायचं कसं?

माझी फजिती मीच सांगतो बाबा, कारण लक्ष्मीबाई नगरात ती घरोघर पोचलीय आणि तिथले लोक तिला रोज नवा मसाला लावतात. निदान मूळ प्रत तरी माझ्याकडून ऐका!

तेव्हा मी दिल्लीत, मुनिरक्यात खोली घेऊन एम.ए. करत होतो. एक ट्रायथलॉन पुरी केली होती. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं सलग. झालं, डोक्यात वारं शिरलं! देश बदलायचा तर सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, सरकारी पोटांपासून!

लक्ष्मीबाई नगर म्हणजे सरकारी नोकरांची कॉलनी. तिथल्या गणपतीत आरती संपल्यासंपल्या मी यावर भाषण ठोकलं. लोकांच्या हातात मोदक, आणि मी कॅलरींवर बोलतोय! तरी तिघांनी नावं दिली. तिघंही एकाच मंत्रालयातले, एकाच मजल्यावरचे. देशपांडे साहेब संचालक होते. वळणावर त्यांचं पोट त्यांच्या आधी पोचायचं. शिंत्रे मॅडम त्यांच्या हाताखाली. आणि मॅडमच्या हाताखाली डिसोझा काका, मूळ वसईचे, नुसतं बटाटेवडा म्हटलं तरी डोळे मिटणारे. मी त्यांच्या मुलांच्या वयाचा, पण पहिल्या दिवसापासून मला 'कोचसाहेब' आणि 'तुम्ही'. मी फुगलो नसतो तरच नवल!

ध्येय ठरलं. हिवाळ्यात नोएडात नवशिक्यांची छोटी ट्रायथलॉन होती. अट एकच, ठरलेल्या वेळेत संपवायची. नाहीतर मागून टेम्पो येतो आणि तुम्हाला उचलून नेतो. पदक नाही, काही नाही.

"आमचा चिरंजीव म्हणतो, मम्मी, तू टेम्पोत सीट बुक कर यार," शिंत्रे मॅडम म्हणाल्या. "मला ते पदक त्याच्या पुढ्यात आपटायचंय. बस्स!"

त्या दिवशी त्यांनी साखर सोडली. मला वाटलं, क्रांती झाली!

पोहणं जमलं. काका तर पाण्यात पडले की वसईचे व्हायचे. सायकल जमली. वजनं उतरली, साहेबांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पण पळणं? वेळ हलेचना! टेम्पोच्या तावडीतून सुटण्याइतकी तर नाहीच. आणि पार्कात क्रमसुद्धा रोज तोच. पुढे साहेब, मग मॅडम, मग काका. त्यांच्या पुढे मी, तोंड त्यांच्याकडे करून, उलटा पळत, अखंड बोलत. प्रेरणा द्यायला नको?

मला धीर नावाची गोष्ट नाही. मी ब्रेड पकोडा बंद केला. वेळ तीच. चहा बंद केला. वेळ तीच, वर तिघांची डोकी दुखायला लागली. शेवटी काकांना हृदयाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, "आप बिल्कुल ठीक हैं. जिसने भेजा है, उसे ले आइए."

मग एका सकाळी मी कॉलनीच्या गेटवर उभा होतो. मॅडमची ऑफिसची चार्टर्ड बस सुटली होती. तेवढ्यात साडी, पर्स, डबा आणि छत्री असं सगळं सांभाळत मॅडम माझ्या समोरून अशा गेल्या, की मला फक्त वारा लागला! बस पकडली, आणि दारात लटकून मला 'बाय'सुद्धा केलं!

संध्याकाळी मी गाठलंच. "मॅडम, हे काय? सकाळी पार्कात हे पाय कुठे जातात?"

"अहो, पार्कात साहेब पुढे असतात ना!"

"मग ओलांडा!"

"साहेबांना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्यांना मंत्र्यांच्या खुर्चीत बसायला सांगितलं. "माझा गोपनीय अहवाल तेच लिहितात. आणि काका मला कसे ओलांडतील? त्यांचा मी लिहिते!"

सापडलं! मी तडक साहेबांच्या घरी. समता, लोकशाही, स्वातंत्र्य, सगळं बोललो. म्हणालो, "साहेब, तुम्ही हळू पळता म्हणून सगळे अडलेत."

"मी?" साहेब म्हणाले. "अच्छा... नाही, म्हणजे मलाही जोरात पळता येतं. पण ते बरं नाही दिसत."

मला वाटलं, केवढा मोठा माणूस! हाताखालच्यांना मागे टाकायचं नाही म्हणून हळू पळतोय. मी त्यांच्याकडून वचनच घेतलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "उद्या मला ओलांडायला माझी हरकत नाही."

"सर, हे लेखी मिळेल?" काकांनी विचारलं.

शर्यतीचा दिवस! पोहणं झक्कास. सायकल झक्कास. पळण्याच्या टप्प्यात मार्गदर्शकाला सोबत जाता येत होतं, म्हणून मी ताजातवाना पुढे उभा. तिघं आले आणि मी सुरू झालो. "चलो, चलो! हा देश तुमच्याकडे बघतोय!"

थोड्या वेळाने बघतो तर काय? साहेब, मॅडम, काका. तीच रांग! लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू यायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, पदक पाहिजे ना? ओलांडा साहेबांना!"

"साहेबांना ओलांडीन हो, पण..."

"साहेब, मग तुम्ही तरी पळा!"

"पळतो, पण..."

"पण काय?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी काकांनी धापा टाकत तोंड उघडलं. "कोचसाहेब, तुम्ही उलटे पळता. उलटा माणूस पळून पळून किती पळणार? आणि वर बोलत असता. समोरचा बोलत असताना त्याला सोडून निघून जायचं म्हणजे... आम्ही सरकारी माणसं आहोत हो. मीटिंगमधून असं उठता येत नाही!"

म्हणजे एवढे महिने हे तिघं माझं भाषण संपायची वाट बघत होते!

"जा!" मी ओरडलो आणि बाजूला उडी मारली. बाजूला काय आहे हे बघणार कोण? फुलझाडांचा वाफा होता. पाय मुरगळला. मी झेंडूत आडवा, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिघं सुटले! काका साहेबांच्या पुढे, मॅडम काकांच्या पुढे, चार्टर्ड बस पकडायच्या वेगाने! तिघांनाही पदक मिळालं, वेळेच्या आत.

मी लंगडत लंगडत निघालो. मागे हॉर्न वाजला. टेम्पो थांबला, ड्रायव्हरने हात देऊन मला वर घेतलं. आत मी एकटाच.

"पहली बार है भैया?" त्याने आरशातून बघत विचारलं. "दिल छोटा मत करो. अगली बार कोई अच्छा कोच रख लेना."