नळातली हवा

शेंद्र्याच्या एकाच कारखान्यातले आम्ही पाच पुरुष, गाणी म्हणायचो ती लोकांना हसवायला. वाद्य एकही नाही, नुसते गळे. कॅन्टीनच्या पातळ वरणावर, रुसलेल्या जावयावर, नळाला न येणाऱ्या पाण्यावर. लग्नात, गणपतीत लोक पोट धरून हसायचे. अल्बम काढायची अवदसा मात्र कधी आठवली नव्हती. ती आठवली दादामुळं. दादा आमच्यात थोरला. त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आत त्याचा आवाज कुठंतरी राहावा, एवढ्यासाठी आम्ही छावणीतल्या एका लहानशा स्टुडिओत घुसलो.

आम्ही नळाची आरती म्हणायचो आणि पाणी यायच्या आधी नळातून जी हवा गुरगुरते, ती दादा काढायचा. कुकरची शिट्टी, रिव्हर्स येणारा टँकर, साहेबाचं घोरणं, सगळं त्याच्याकडं. घसा ठणकत असतानाही मनासारखं झाल्याशिवाय त्यानं काही सोडलं नाही. मला रडू येत होतं आणि समोर हा गडी कुकर होऊन बसलेला.

रेकॉर्डिंग पुरं झालं तसं आम्ही मोठ्या हौसेनं दादाच्या घरी वहिनींना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "लई छान झालंय. पण भाऊजी, यात हे कुठंयत?"

कुकर होता, टँकर होता, दादा नव्हता. इतकी वर्षं सोबत गाऊन आमच्या एकाच्याही टाळक्यात हे शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला परत माईकपुढं उभं केलं. म्हटलं, "दादा, आज कसला आवाज काढू नको. नुसतं बोल."

"तुमच्यापुढं नाय जमायचं. हसताल तुम्ही. बाहेर व्हा," तो म्हणाला. आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो.

अल्बम फोनवर आला तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. ऐकायला आम्ही दादाच्याच घरी जमलो. तो खाटेवर, गळ्याला पट्टी. वहिनी आत भाकरी थापत होत्या. शेवटचं गाणं संपलं, जरा वेळ काहीच नाही, आणि मग एक साधा, घोगरा आवाज आला.

"अगं, ऐकलंस का? चहा टाक बरं जरा."

"टाकते, टाकते. दम धरा की," वहिनी आतून म्हणाल्या.

मग थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी त्या दारात आल्या आणि दादाकडं बघत राहिल्या. दादानं मान डोलावली, आणि आम्हा सगळ्यांवरून बोट फिरवलं. सगळ्यांना टाक.