भर सभागृहात वाचलेलं पत्र

माद्रिदच्या संसदेत एलेउतेरियो तेवीस वर्षं शिपाई होता. बोलणाऱ्या खासदाराने दोन बोटं वर केली की साखर घातलेल्या पाण्याचा पेला नेऊन ठेवायचा आणि चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, हे त्याचं काम. सरकारचा माणूस असो की विरोधकांचा, पाणी तेच.

त्याचा मुलगा लुसियो मोरोक्कोच्या लढाईत होता. जुलैपासून त्याचा पत्ता नव्हता. शेवटचं एक पत्र तेवढं घरी होतं. आई कासिल्दाला वाचता येत नसे. रोज जेवण झालं की एलेउतेरियो ते तिला वाचून दाखवी.

विरोधी पक्षाचे खासदार आमान्सियोसाहेब यांच्या हे कानावर गेलं.

“ते पत्र आण. लुसियोचं नाव घेऊन विचारतो, कुठे आहे हा पोरगा? मंत्र्याला पळता भुई थोडी करतो.”

“नक्कल करून दिली तर चालेल, साहेब?”

“म्हणतील, घरीच लिहिली. अस्सल आण.”

एलेउतेरियोने आणून दिलं. तेवीस वर्षं भाषणं ऐकूनही माणूस शहाणा होत नाही, तो असा.

साहेबांनी वाचलं मात्र झकास. “‘बाबा, टेकडीवरचं पाणी संपलंय. बारा जणांत एक बाटली...’” इथे त्यांचा घसा सुकला. दोन बोटं वर झाली. एलेउतेरियोने पेला नेला. साहेबांनी तळाची साखर ढवळून तो सावकाश संपवला, मग पुढे वाचलं. विरोधकांनी बाकं वाजवली. लुसियोचं नाव काही आलं नाही. ‘एका गरीब आईचा मुलगा’, एवढंच. मंत्री म्हणाले, चौकशी चालू आहे. मग त्यांनाही पाणी लागलं. युद्धाचा खर्च मंजूर झाला.

एलेउतेरियो पत्र मागायला गेला.

“अरे, सभागृहात वाचलेला कागद दप्तरात जमा होतो, परत मिळत नाही. हे तुला मी सांगायचं?” साहेब म्हणाले.

नव्हतंच सांगायला हवं. असे शेकडो कागद त्याने स्वतःच्या हातांनी दप्तरात नेऊन दिले होते.

जेवण झाल्यावर कासिल्दा हात पुसून समोर बसली.

“वाच.”

“पत्र तिकडेच राहिलं. पाठ आहे मला.”

तो म्हणू लागला. बारा जणांत एक बाटली, इथवर आला आणि थांबला.

“इथे का थांबलास? रोज नाही थांबत.”

“इथे साहेब पाणी प्यायले.”