नैतिक चॉकलेट आणि सखुबाईचे बोंबील

बोरिवलीत गोराई रस्त्याच्या आतल्या सोसायटीत कुणाकडे लग्न ठरलं, की हॉल मिळतोय का ते बघायचे आणि लगेच प्रेमाकाकू परब मोकळ्या आहेत का ते विचारायचे. खरेदीला त्या बरोबर हव्यात म्हणून. शालू असो, भांडी असोत, नाहीतर मांडववाला असो, काकू आधी माल बघत, मग मालकाकडे बघत आणि मग "बसायला काहीतरी द्या हो" म्हणून खुर्ची मागून घेत. काकूंनी खुर्ची मागितली, की ओळखीचा दुकानदार समजून जाई की आजची सकाळ गेली. 'एकच भाव' अशी पाटी लावलेल्या दुकानातसुद्धा त्यांनी भाव पाडला होता. "पाटी बरोबर आहे. एकच भाव. माझा," असं म्हणून.

ही कला त्या माहेरून शिकून आल्या नव्हत्या. कुडाळकडची पोर लग्न होऊन लालबागच्या खोलीत आली, सासऱ्यांची गिरणी बंद पडली आणि वाण्यापुढे उभं राहायची पाळी तिच्यावर आली. गप्प राहिलं तर घरातली माणसं अर्धपोटी झोपतात, हे तेव्हा कळलं आणि जीभ सुटली ती सुटलीच. पुढे बोरिवलीला घर झालं, नवऱ्याला पेन्शन लागली, मुलगी श्रुतिका बीकेसीत नोकरीला लागली. आता भाव पाडायची गरज उरली नव्हती. पण बाजारात कुणी आकडा बोललं, की काकूंचा हात आपोआप छातीवर जाई. "काय सांगतेस काय!"

यजमान चंद्रप्रकाश अशा वेळी शेजारच्या दुकानाच्या पाट्या वाचत उभे राहत. त्यामुळे बोरिवलीतल्या बऱ्याच दवाखान्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या.

एका शनिवारी दुपारी श्रुतिका हातात एक मोठा हिरवा डबा घेऊन आली. तिच्या ऑफिसातली मैत्रीण संघमित्रा, जिच्या वांद्र्याच्या घरात रंगकाम चालू होतं म्हणून ती आठवडाभर इथे राहून काकूंच्या हातचं जेवून गेली होती, तिनं तो काकूंसाठी पाठवला होता.

"आई, हे साधं चॉकलेट नाही हां. लक्झरी आहे. एथिकली सोर्स्ड."

"म्हणजे?"

"म्हणजे... नैतिक मार्गानं मिळवलेलं."

"म्हणजे चोरीचं नाही, एवढंच ना? मग बाकीची काय रात्री भिंत फोडून आणतात?"

काकूंनी आधी डब्याची रेशमी फीत सोडून, बोटाभोवती गुंडाळून कपाटात ठेवली. मग झाकण उघडलं. आत खणाखणांतून छोट्या चौकोनी वड्या बसल्या होत्या, काही काळ्या, काही तपकिरी, एकीवर मिठाचे खडे, एकीवर कसली तरी वाळकी पाकळी. प्रत्येक खणाखाली बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

"एवढ्याशा वडीला एवढं घर!" काकू म्हणाल्या. "आम्ही लालबागला ह्याहून दाटीनं राहिलो गो."

"थांबा, कुणी तोंडात टाकू नका," श्रुतिका डब्यातला कागद उलगडत म्हणाली. "ह्याचं टेस्टिंग करायचं असतं. आधी बघायचं. मग मोडून आवाज ऐकायचा. मग वास घ्यायचा. आणि मग जिभेवर ठेवायचं. चावायचं नाही."

"आवाज? चॉकलेटचा?"

"हो. टक्‌ असा आला पाहिजे."

एवढ्यात खुर्चीतून कुरूमकुरूम असा आवाज आला. चंद्रप्रकाशांनी कोपऱ्यातली वडी केव्हाच उचलली होती.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "थोडं करपलंय."

"बाबा! ते केरळच्या डोंगरातलं होतं. त्यात जांभळाची चव लागते असं लिहिलंय."

"लागायच्या आधी गेलं ते."

मग मात्र श्रुतिकेनं डबा आपल्याकडे ओढला आणि वर्गात बाई वाटतात तशा वड्या वाटायला घेतल्या. मिरचीची वडी मोडली तेव्हा टक्‌ असा आवाज खरंच आला. काकूंनी ती कानाशी नेली होती, कारण तसं लिहिलं होतं म्हणे. मग वास घेतला, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"मसाला कच्चा राहिलाय," त्यांनी निकाल दिला.

मिठाच्या वडीला त्या म्हणाल्या, "ह्यात मीठ पडलंय गो."

"मुद्दाम घातलंय."

"मुद्दाम? मग हे करणाऱ्याला बायको नसावी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

कोकमाची एक वडी निघाली. तिनं काकू थोड्या हळव्या झाल्या. कुडाळच्या घराच्या मागे रातांब्याचं झाड होतं त्यांच्या. त्यांनी वडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "बघा, आमसुलाला बिचाऱ्याला कुठे नेऊन बसवलंय! कुणी ओळखीचंही नाही शेजारी." पण खाल्ली. अर्धी यजमानांना दिली आणि हाताच्या इशाऱ्यानं बजावलं, चावायचं नाही. चंद्रप्रकाश गाल फुगवून बसून राहिले. फोन वाजला तेव्हा त्यांना "हॅलो" म्हणता येईना, म्हणून त्यांनी तो तसाच बायकोकडे सरकवला.

शेवटी सगळ्यांत काळ्या दोन वड्या उरल्या. साखर जवळजवळ नाहीच, असं श्रुतिकेनं सांगितलं होतं, आणि तिनं स्वतः त्या नको म्हटलं होतं. काकूंनी एक ठेवली जिभेवर. आधी कडू. इतकं कडू की चेहरा सुरकुतला. "थुंक आई, थुंक," श्रुतिका म्हणाली. पण काकू थांबल्या. कडवटपणा हळूहळू मागे हटला आणि त्याच्या जागी भाजलेल्या खोबऱ्यासारखं काहीतरी आलं. मग चुलीजवळ बसल्यासारखं. मग अगदी शेवटी, जीभ टाळूला लावली तेव्हा, रायवळ आंब्याची कोय चोखून चोखून पांढरी झाल्यावर उरते तशी पुसट आंबटगोड चव.

काकू काहीच बोलेनात.

"अगं, बरी आहेस ना?" चंद्रप्रकाश घाबरले. एवढा वेळ त्यांची बायको जागेपणी गप्प बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

काकूंनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं. सगळं विरघळून गेल्यावर म्हणाल्या, "ह्याचं काय लिहिलंय गो त्या कागदावर?"

श्रुतिकेनं वाचलं. डोंगरातल्या बायका ही कोकोची फळं पिकवतात. त्या जो भाव सांगतात तोच त्यांना दिला जातो, घासाघीस केली जात नाही. त्यामुळे त्यांना घाई नसते. त्या बिया नीट आंबवतात, सावकाश सुकवतात.

"आणि म्हणून असं लागतं?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"बघ," चंद्रप्रकाश हसून म्हणाले, "तू गेली असतीस तिथे खरेदीला, तर हे चॉकलेट झालंच नसतं!"

श्रुतिकाही हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. संध्याकाळभर त्यांच्या मनात ते वाक्य मासळीच्या काट्यासारखं अडकून राहिलं. आपण कुणाचं वाईट केलंय असं त्यांना वाटत नव्हतं. पण आपण कधी कुणाचा पहिला आकडा ऐकून घेऊन नुसतं "बरं" म्हटलंय का, हे आठवून पाहिलं, तर एकही प्रसंग सापडेना. लग्नालासुद्धा त्या लगेच हो म्हणाल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी बाजारात सखुबाईची मासळीची पाटी नेहमीच्या जागी होती. सखुबाई पलीकडल्या गोराई गावची कोळीण, खाडी ओलांडून होडीनं माल घेऊन यायची. काकूंचं आणि तिचं नातं दोघींचे केस काळे होते तेव्हापासूनचं. दर खेपेला ती एक आकडा सांगे, काकू छातीवर हात ठेवत, ती दर्याची शपथ घेई, काकू निघून जायचं सोंग करत, ती हाक मारी. आजूबाजूच्या कोळणी आपलं गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता हा खेळ बघत.

"ये गो बाय," सखुबाई म्हणाली. "बोंबील बघ. अजून पाणी सुटलं नाय त्यांना." आणि तिनं वाट्याचा भाव सांगितला.

"बरं," काकू म्हणाल्या आणि पाकीट उघडलं.

सखुबाईच्या हातातला बोंबील तिथेच थांबला.

"काय बरं?"

"दे ना. एक वाटा दे."

"मी काय बोलली ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. तू सांगशील तो भाव."

सखुबाईनं बोंबील खाली ठेवला आणि पदराला हात पुसला. "काय झालं गो? घरी सगळी बरी हायेत ना? परबभाऊ?"

"ते काय, तिथे दाताच्या डॉक्टरची पाटी वाचतायत."

"मग माझ्यावर रागावलीस? मागल्या टायमाला कोलंबी बारीक लागली?"

"नाही गं बाई! तू मेहनत करतेस, तू भाव सांगितलास, मी देते. ह्यात रागावण्यासारखं काय आहे?"

"मी सांगितला तो देयाचा नव्हता!" सखुबाईचा आवाज चढला. "तो तुला सांगायचा होता! तू पाडशील म्हणून मी चढवून सांगते. आता तू तोच दिलास तर मी काय चोर ठरू?" तिनं काकूंनी दिलेल्या पैशांतली एक नोट परत केली. काकूंनी ती पुन्हा पाटीत टाकली. सखुबाईनं ती काकूंच्या पिशवीत कोंबली. काकू म्हणाल्या, नीतीचा प्रश्न आहे. सखुबाई म्हणाली, नीत मला पण हाय. बाजूची कोळीण हसून हसून लाल झाली. शेवटी काकू भाव चढवतायत आणि सखुबाई पाडतेय, अशी उलटी घासाघीस होऊन दोघी मधल्या आकड्यावर थांबल्या. तो नेमका दर रविवारचाच आकडा निघाला.

मग काकूंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वडी काढली. काळ्या वड्या दोन होत्या, त्यातली दुसरी. सगळी गोष्ट सांगितली, डोंगरातल्या बायकांची, सावकाश सुकवण्याची. सखुबाईनं वडी जिभेवर ठेवली, चेहरा वाकडा केला आणि वाट बघत बसली.

"कडू जहर हाय," ती थोड्या वेळानं म्हणाली. मग आणखी थोडं थांबून, "पण त्या बायांना घाई नाय हे खरं. सुकट पण अशीच. कुणी मागं लागलं की ओली उचलायला लागते, मग वास मारते."

तेवढ्यात ट्रॅकसूट घातलेला एक माणूस तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला. त्याला पापलेटं हवी होती. त्यानं सांगितलेला भाव ऐकून काकूंना राहवेना. "अहो भाऊ," त्या म्हणाल्या, "पहाटे उठून, खाडी ओलांडून येते ही बाई. तिच्या कष्टाचा काही मान ठेवा. मागेल ते द्यावं माणसानं."

माणूस ओशाळला. "असू दे, राहू दे मग," म्हणाला आणि चालू पडला.

"वाट लावलीस!" सखुबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "गेलं ना गिऱ्हाईक! तीन वेळा फिरून आलेला माणूस घेतल्याशिवाय जात नाय, हे तुला मी सांगू? तूच किती वेळा तसं केलंस!"

काकूंना ते पटलं. त्यांनी पिशवी सखुबाईच्या मांडीवर ठेवली, साडीच्या निऱ्या सावरल्या आणि त्या माणसाच्या मागे गेल्या. त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो परत आला. काकू पाटीच्या ह्या बाजूला, सखुबाईशेजारी उकिडव्या बसल्या आणि पापलेटाचा कल्ला उघडून त्याला दाखवला. "लाल बघा कसा आहे. शेवटचं सांगा. अहो, ह्या भावात नुसती शेपटी मिळेल, शेपटी! काय सांगता काय!" त्यांचा हात सवयीनं छातीवर गेला होता. दोनदा तो माणूस जायला निघाला, दोनदा काकूंनी त्याला जाऊ दिलं, आणि दोन्ही वेळा तो आपणहून वळला. शेवटी सखुबाईनं मनात धरला होता त्याहून बऱ्या भावात तीन पापलेटं गेली.

चंद्रप्रकाश दाताच्या डॉक्टरची पाटी संपवून आले तेव्हा त्यांची बायको मासळीच्या पाटीमागे बसून दुसऱ्या गिऱ्हाईकाला हाका मारत होती.

"प्रेमा, घरी यायचंय ना?"

"बोंबील घेऊन पुढे व्हा तुम्ही," काकू मान वर न करता म्हणाल्या. "सखू चहा पिऊन येईपर्यंत मी बसते इथे."