बोटीच्या उंबऱ्यावर तेल

शिरूरजवळच्या ज्या कारखान्यात मी रबर बसवते, तिथं जहाजांची लोखंडी दारं बनतात. समुद्र आमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. तरी दार लागलं की थेंबभर पाणी आत येता कामा नये, एवढं आम्हाला पक्कं कळतं. चौकटीच्या कडेला खडू फासायचा, दार आवळून लावायचं, उघडून रबर बघायचं. खडूची रेघ सलग उमटली तर दार पास.

त्या खेपेची दारं बर्फाच्या समुद्रात संशोधनाला जाणाऱ्या नव्या जहाजाची होती. त्याच जहाजावर माझी लेक इलेक्ट्रिशियन म्हणून पहिल्या सफरीला जाणार होती. हे कळल्यापासून रबर बसवताना मी कुणाशी धड बोलत नव्हते.

शेवटच्या दाराची रेघ सलग आली. दुसऱ्या दिवशी ट्रक निघणार होता. चहा पिऊन परतले, तर आमचे फोरमन मामा हातात वाटी घेऊन उभे. दाराला हळदीकुंकू लावलेलं, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना गोडंतेल घातलेलं. वर दार लावून, उघडूनही पाहिलेलं. खालचं रबर तेलानं चकचकत होतं.

"नवं दार हाय, ताई. आन् लेक वावरायची ह्यातनं. कोरडंच कसं धाडायचं?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, ह्या रबराला तेल चालत न्हाई, हे तुम्हीच शिकवलंत ना मला!"

"व्हय, शिकवलं. पुसून घिऊ की. रेघ तर सलग हाय."

"आज हाय. तिकडं गेल्यावर रबर फुगलं तर कोण बघणार?"

मामांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांनीच कटर आणला. ट्रक एक दिवस थांबवला. ते चांगलं दिसणारं रबर आम्ही दोघांनी उपसून काढलं, खाच धुतली, नवं चिकटवलं. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मला वाईट वाटत होतं, कारण तेल त्यांनी मायेनंच घातलं होतं. तरी हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा सलग आली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

जहाज सुटायच्या आधी लेकीचा फोन आला. दारांवर पाण्याचा मारा करून झाला होता. "आई, आत थेंब न्हाई आला," म्हणाली. फोन ठेवला आणि मी रडले.

मामांनी उरलेलं तेल बाटलीत भरून मला दिलंय. लेक परत आली की यवतच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर घालीन. त्या दाराला रबर नाही.