हळदीचा डाग

हळदीच्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. हळद शिजवण्यापासून पॉलिश होईपर्यंत अंगावरचं सगळं पिवळं झालेलं असतं आणि धुण्याच्या दगडावर तेच लालभडक दिसतं. म्हणून परकरावर लाल डाग दिसला तेव्हा मी मनाला सांगितलं, हळद आहे. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती, दुसरं काय असणार? पण हळद हिंगोलीच्या बाजारात गेली, खळं झाडून झालं, तरी डाग येतच राहिला. आता तो साबण लावायच्या आधीच लाल असायचा. मी इतकी भित्री, की डोळे मिटून परकर बादलीत बुचकळायचे.

माझी मावशी असंच अंगावरून जाऊन जाऊन वारली होती. तिचा विषय निघाला की बायका आवाज खाली करायच्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात देवीचं देऊळ आहे. लग्न होऊन आल्यापासून तिथला सकाळचा दिवा मी लावत आले, महिन्याचे चार दिवस सोडून. पाळी गेली तेव्हा मी खूश झाले होते, आता दिवा कधी चुकणार नाही म्हणून. आणि आता मीच पायरीखाली उभी! घरी सांगितलं, गुडघे दुखतात, सून लावील दिवा. दवाखान्यात जायचं सोडून मी देवीशी घासाघीस करत बसले. आधी पाच मंगळवारचे उपास, मग नऊ. दोन दिवस डाग दिसला नाही की हुरळून जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा परकर बादलीत. वाटायचं, देवीनंच मला बाहेर काढलंय. माझं कुठं चुकलं, ते आठवत बसायचे.

अशाच एका मंगळवारी खालूनच हात जोडले होते. पलीकडच्या तांड्यावरची एक बाई नारळ घेऊन आली. माझ्याच वयाची, हातभर गोंदलेली, कधी न पाहिलेली. म्हणाली, "माय, हात धरून वर ने ना, पाय थरथरून राहिले माझे." मी म्हणाले, "मला चालत न्हाई." तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "या वयात? किती दिसांपासून?" सहा महिने कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडूच फुटलं.

ती माझ्याजवळ खालीच बसली. "माझ्या नणंदेचं असंच होतं. म्या नवस बोलले. देवीला बोलले, पण डाक्टरला न्हाई बोलले. गेली ती."

"मंग हा नारळ काहून?"

"बोलले होते ना. देवीशी काय भांडायचं?" तिनं डोळे पुसले आणि माझा हात दाबला. "पाळी गेली ती गेली, माय. हा इटाळ न्हाई, रोग हाय. उद्या हिंगोलीला चल."

मी हो म्हणाले खरी, पण सकाळी धीरच झाला नाही. मुद्दाम धुणं काढून बसले. तर ती घर विचारत विचारत दारात हजर. माझ्या मालकांना सगळं तिनंच सरळ सांगितलं. ते उठले. मग सदरा घालता घालता एवढंच म्हणाले, "मला सांगायचं न्हाई व्हय?" त्या एका वाक्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय, म्हणाल्या, आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला. "पाळी गेल्यावर एकदा जरी, थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी लगेच दाखवायचं. दर वेळी कॅन्सर असतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही." रिपोर्टची वाट पाहताना फोन वाजला तरी हातातलं भांडं पडायचं. रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण पिशवीच्या आतच होता. पिशवी काढायची ठरली.

ऑपरेशनला निघायच्या सकाळी डाग होताच. तांड्यावरची माझी बहीण, आता तिला दुसरं काय म्हणू, मला धरून देवळाच्या पायऱ्या चढली. तीन काड्या विझल्या, चौथीला दिवा लागला. देवीच्या डोळ्यांत राग शोधला, दिसला नाही. त्या दिवशी मी कसलाच नवस बोलले नाही, काही मागितलंही नाही. नुसतं म्हणाले, आता तुझ्या हवाली. भीती गेली नाही, पण भीतीसकट मी जीपमध्ये बसले.

पिशवी काढली. अजून तपासणीला जावं लागतं. नवस फळला की नाही, मला ठाऊक नाही. एका मेलेल्या बाईच्या नवसाचा नारळ घेऊन एक जण त्याच मंगळवारी, त्याच पायरीशी आली, एवढंच मला ठाऊक आहे. ते आठवलं की आपोआप हात जुळतात.

यंदा पुन्हा हळद निघाली. धुण्याच्या दगडावर सुनेच्या, शेजारणींच्या कपड्यांवर लाल डाग उमटतात. पूर्वी मी मान खाली घालायचे. आता दिवा लावून आले की तिथं जाऊन प्रत्येकीला मोठ्यानं विचारते, "हळदच हाय ना गं?" बायका हसतात. परवा मात्र एक जण हसली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले.