एर्मेलिंदा मावशी आणि चकचकीत बूट

अमेरिकेतल्या बॉयल हाइट्स या मेक्सिकन वस्तीतल्या आमच्या नाटकाच्या दारावर एर्मेलिंदा मावशी बसायची. ती माणसाचं तोंड बघायची नाही, बूट बघायची. कागदपत्रांविना सरहद्द ओलांडून आलेली बाई ती. अशा लोकांची धरपकड करणारे सरकारी लोक साध्या कपड्यांत आले तरी बूट चकचकीतच असतात, असं तिचं ठाम मत. तिच्या संशयानं आमचे निम्मे प्रेक्षक दारातूनच पळायचे, डोकं फिरायचं माझं!

नाटक टवाळीचं. गोरे आम्हाला जसे समजतात तसेच आम्ही सजायचो. डोक्यावर परातीएवढी टोपी, चिकटवलेल्या मिशा आणि भरदिवसा घोरणं. मग नाटकातला पोलीस येऊन मिशा ओढून माणसं पकडायचा. लोक हसून लोळायचे.

त्या शनिवारी एक चकचकीत बूटवाला हसलाच नाही. मावशी झाडू घेऊन त्याच्यामागं उभी राहिली. नाटक संपल्यावर तो थेट तिच्याकडंच वळला.

"नाटक बघायला आलास की आमची माणसं हेरायला?" मावशी खेकसली.

"काम मागायला, मावशी. नट आहे मी. जाहिरातींत जन्मभर हीच परात डोक्यावर घेऊन झोपलोय. तुमच्याकडं परातीशिवायचं काम आहे?"

मावशीनं त्याला बुटांपासून वर न्याहाळलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "पोलिसाचं. बूट तर तू घालूनच आलायस."